मोत्याच्या डोयाखाली गाठ आली, दाताचं असू शकते का?

वावरातला_भाऊ
राम राम मंडळी. आमचा मोत्या गावठीच हाये, सात वर्षाचा, वावरात जागलीले राह्यते. गेल्या महिन्यात त्याच्या डाव्या डोयाखाली सुपारीएवढी गाठ आली, बाबा म्हने गांधीलमाशी चावली असन. मंग ती फुटली, रक्त-पू वाह्यला, आठ दिवसात खपली धरली, आम्ही म्हटलं झालं बरं. आता परत तिथंच, त्याच जागी. तालुक्यातल्या एका जनानं तीन वेळा इंजेक्शन मारलं, दर वेळी दोन-चार दिवस उतरते अन् पुन्हा फुगते. तोंड उघडून मात्र कोनी पायलं नाई. तोंडाचा वास तर असा येते का तो बाजीवर चढला का आईच उठून जाते. भाकर टाकली तर एकाच बाजूनं चावते, मान वाकडी करून. डोयाचा काही रोग हाये का? कपाशीची वेचणी चालू हाये, पांढरकवड्याच्या पुढं जायाले टाइम नाई, म्हणून इथं विचारतो.

कपाशीचं_बोंड
बाभळीचा काटा रुतला असन भाऊ. आमच्याकडं अशा गाठीवर बिब्बा लावतात, दोन दिवसात बसते.

धामणगावची_सून
बिब्बा नका लावू हो दादा, डोळ्याच्या एवढ्या जवळ!! माझ्या सासऱ्यांच्या पायाची कातडी जळली होती बिब्ब्यानं, महिनाभर चालता येत नव्हतं. कुत्र्याचा डोळा जाईल.

ढोरांचा_डॉक्टर
बिब्बा अजिबात नाही, चुना-हळदपण नाही. भाऊ, आधी एक सांगा, मोत्याला रेबीजची लस कधी दिली? हे पहिले विचारतो कारण आता मी तुम्हाला त्याच्या तोंडात डोकवायला सांगणार आहे. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, पाणी पिता येत नाही, वागणं एकदम बदललंय, यातलं काहीही असेल तर हात लावायचा नाही, बांधून ठेवा आणि डॉक्टर बोलवा. आपल्याकडे लोकांना वाटतं घशात हाडूक अडकलं, आणि हात घालतात. पिसाळण्याचा एक प्रकार तसाच दिसतो, कुत्रं चावत नाही, नुसतं तोंड उघडं ठेवून बसतं. हातावर एखादी जखम असली आणि लाळ लागली तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. एकदा माणसात लक्षणं दिसली की मग वाचवता येत नाही.

वावरातला_भाऊ
लस हाये डॉक्टरसाहेब. शिबिरात टोचली होती, कार्ड बाबाच्या पेटीत सातबाऱ्याच्या खाली सापडलं, अकरा महिने झाले. लाळ नाई, जबडा बरोबर हाये, पानी पिते, रात्री भुंकते बी. फक्त खाताना वाकडं करते.

ढोरांचा_डॉक्टर
छान. महिनाभरात पुढची लस येते, विसरू नका. आता असं करा, उजेडात बसा, तोंड उघडायचं नाही. बंदच राहू द्या. डावा ओठ फक्त वर उचला, मागपर्यंत. वरच्या ओळीत सुळ्याच्या मागे मोजत गेलात की चौथा दात सगळ्यात मोठा, डोंगरासारखा. तो कसा दिसतो सांगा. उजवीकडचा पण बघा म्हणजे फरक कळेल.

पुण्यातला_यवतमाळी
हा धागा पकडून ठेवतो. माझ्याकडं पॉमेरियन आहे, चार वर्षाची, वास मारते म्हणून मी आपलीच पुदिन्याची टूथपेस्ट लावत होतो 😬

ढोरांचा_डॉक्टर
आजपासून बंद. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, जे लावाल ते पोटात जातं. माणसाच्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, फेस असतो, आणि काहींमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते. ती आपल्याला काही करत नाही, कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरवते, झटके येतात, लिव्हरही जाऊ शकतं. शुगर-फ्री च्युइंगमलाही हेच लागू. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, चिकनच्या चवीची, पुण्यात सहज मिळेल. आणि पेस्ट नसली तर नुसता ओला मऊ ब्रश चालतो, खरं काम घासण्याचंच आहे.

आबाजी_वरुडवाले
डॉक्टरसाहेब राग मानू नका, पन हे जरा जास्तच होऊन राह्यलं बाप्पा. आमच्या आज्याजवळ सात कुत्रे होते, एकानंबी ब्रश केला नाई. वाघ काय सकाळी उठून तोंड धुते? तुमी त्याले शिळी भाकर अन् बोकडाचं हाडूक द्या, दात आपोआप साफ होतात. मानसं इथं तंबाखूचा खर्रा खाऊन बत्तिशी काळी करून राह्यले अन् कुत्र्याले पेस्ट.

कपाशीचं_बोंड
आबाजी 😂😂 खर्ऱ्याचं बोलू नका, लय जनाले लागते इथं

वावरातला_भाऊ
पायलं. दिवस मावळायच्या आधी आंगनात बसून पायलं, बाबानं मान धरली अन् मी ओठ उचलला. उजवीकडचा दात चांगला, टोकदार, हिरडीजवळ पिवळा थर फक्त. डावीकडचा तोच दात, त्याची बाहेरची बाजू अशी कपचीसारखी उडेल हाये, जसा पाटा टाचताना दगडाचा पापुद्रा निघते ना तसं. अन् मधात एक काळा टिपका, मोहरीएवढा. हिरडी वांग्यासारखी जांभळी. त्याच्यावर बोट न्यायच्या आधीच मोत्यानं मान झटकली, कूं केलं, चावला नाई. बाबा गप झाले एकदम.

ढोरांचा_डॉक्टर
म्हणजे डोळा नाही, दातच. त्या काळ्या टिपक्यातून दाताच्या आतली नस उघडी पडली. त्या दाताला तीन मुळं असतात आणि मुळांची टोकं बरोबर डोळ्याच्या खाली येतात, म्हणून तोंडातला पू डोळ्याखाली फुटतो. बघणारा डोळ्याचं औषध देतो, गाठीचं इंजेक्शन देतो. अँटिबायोटिकनं पू दबतो पण मेलेली नस आत तशीच, औषध संपलं की परत. कितीही इंजेक्शनं दिली तरी दात काढेपर्यंत किंवा रूट कॅनाल करेपर्यंत हे थांबणार नाही.

हाडूक चावायची सवय आहे का त्याला? मोठं?

वावरातला_भाऊ
हाये ना. गावाच्या बाहेर मेलेलं ढोर टाकतात तिथून मांडीचं हाडूक उचलून आनते, धुऱ्यावर बसून दोन-दोन दिवस चावते. आम्हाले वाटे बरं हाये, दात मजबूत होतात.

ढोरांचा_डॉक्टर
तेच. आबाजी, हे तुमच्यासाठी पण. ढोराच्या मांडीचं हाडूक इतकं कठीण असतं की बरोबर हाच दात तुटतो, कारण कुत्रं हाडूक फोडायला यालाच लावतं. शिजवलेलं हाडूक आणखी वाईट, त्याच्या सुया होतात, घशात आतड्यात रुततात. साधी परीक्षा सांगतो, कुत्र्याला चघळायला जे द्याल त्यात अंगठ्याचं नख दाबून पाहा, खूण उमटली पाहिजे. नख वाकलं तर ती वस्तू नको. खूर, शिंगाचे तुकडे, दगड सगळं यात आलं. शिळ्या भाकरीनं दाताचं टोक घासलं जातं, घाण असते हिरडीच्या कडेला, तिथं भाकर पोहोचतच नाही.

आणि वाघाचं म्हणाल तर वाघाचेही दात तुटतात. कुमाऊँतली चंपावतची नरभक्षक वाघीण, जिम कॉर्बेटनं १९०७ साली मारली, तिचे उजवीकडचे वरचा आणि खालचा दोन्ही सुळे तुटलेले निघाले. तिला शिकार धरता येईना.

आबाजी_वरुडवाले
हे मले माहीत नव्हतं. ठीक हाये, वाघाचं सोडून द्या. पन गावचे कुत्रे मंग कसे जगतात?

ढोरांचा_डॉक्टर
किती वर्ष जगतात आबाजी? मोकाट कुत्रं गाडीखाली येतं, आजारानं जातं, जंगलाकाठच्या गावात बिबट्या उचलतो. दात सडायच्या वयाला पोहोचतच नाही बहुतेक. आणि जे पोहोचतं ते दुखतं म्हणून रडत नाही, खात राहतं. मोत्या बघा ना, जबड्यात पू घेऊन रात्रभर राखण करत होता.

मनीची_मावशी
मधेच विचारते, मांजरीचं चालेल का इथं? मी चंद्रपूरकडच्या मूल शहराजवळच्या गावात शाळेवर आहे. आमची मनी वाटीजवळ पळत येते, एक घास घेते आणि किंचाळून मागे पळते जसं काही वाटीनंच चावलं. लाळ गळते, अंग चाटत नाही म्हणून केस जटा झालेत. घरातले म्हणतात लाडावली, मासे मागते. मासे दिले तरी तेच.

धामणगावची_सून
ताई काहीही करा पण तापाची गोळी देऊ नका. माहेरी आमच्या मांजराला असंच दुखत होतं, भावानं पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कालवून दिली, त्याला काय माहीत. तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी पडल्या, पहाटेपर्यंत गेलं. भाऊ अजून मांजर पाळत नाही.

ढोरांचा_डॉक्टर
सूनबाईंनी सांगितलं ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मांजराच्या शरीरात पॅरासिटामॉल पचवायची सोयच नाही, त्याचं रक्त ऑक्सिजन न्यायचं बंद करतं. कुत्र्यालाही आपल्या घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक द्यायची नाही, पोटात अल्सर, किडनी फेल. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ सालीच बंद केलंय, औषध दिलेली मेलेली ढोरं खाऊन गिधाडं मेली ते कारण.

मावशी, मनीला दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे हिरड्या आणि गालाचा आतला भाग, पार घशाजवळपर्यंत लालभडक सुजतो, शरीर आपल्याच दातावरच्या थराशी भांडायला लागतं. बऱ्याचदा सर्दीच्या एका व्हायरसचा, कॅलिसीचा, यात हात असतो. दुसरं, मांजरांचा खास रोग, दात हिरडीच्या कडेला आतून विरघळत जातो, वरून छोटा लाल खड्डा दिसतो. त्याला हात लागला की भूल दिलेल्या मांजराचाही जबडा थरथरतो, यावरून दुखणं समजा. दोन्हीत घासून काही होणार नाही, दुखऱ्या तोंडात ब्रश घालायचा नाही. एक्सरे काढून तो दात काढावा लागतो, पहिल्या प्रकारात कित्येकदा सुळ्यामागचे सगळेच.

मनीची_मावशी
सगळे?? मग खाईल काय ती

ढोरांचा_डॉक्टर
सगळं खाईल. मांजर तसंही चावत कमी, गिळत जास्त. ३० दात असतात, त्यातले नसले तरी ओला भात-मासा आरामात खाते. माझ्याकडची एक बिनदाताची बोकी अजून पाली पकडते.

पुण्यातला_यवतमाळी
डॉक्टर, तो पिवळा-तपकिरी थर नेमका काय असतो? आणि आमच्या गावाकडं पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, माझ्याच शाळेतल्या अर्ध्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी होते. कुत्र्यांना तसं होतं का?

ढोरांचा_डॉक्टर
चांगला प्रश्न. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरमध्ये फ्लोराइडचा त्रास आहेच, ढोरांचेही दात त्यानं खराब होतात. पण फ्लोराइडचा डाग दाताच्या आत असतो, नखानं खरवडला तरी हलत नाही, आणि दात येत असतानाच पडतो. पिल्लू असताना डिस्टेंपर हा व्हायरसचा आजार झालेल्या कुत्र्याचेही दात असेच खडबडीत, चट्टेवाले येतात. हिरडीला चिकटलेला, जाड, टवके निघणारा तो वेगळा.

तुमच्याकडं बोअरच्या पाण्यानं हंड्याला खार धरतो ना, तसंच समजा. आधी दातावर जंतूंचा पातळ चिकट थर येतो, तो बोटानंही पुसला जातो. दोन-तीन दिवसात लाळेतला क्षार त्यात बसतो आणि दगड होतो. खार धरल्यावर हंडा नुसत्या पाण्यानं निघतो का? तसंच, दगड झाल्यावर ब्रशनं निघत नाही. म्हणून रोज, निदान दिवसाआड घासायचं. हिरडी नुसती लाल आहे तोवर मागे फिरता येतं, खालचं हाड खाल्लं गेलं की ते परत येत नाही.

कपाशीचं_बोंड
आमच्या पाहुण्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला होता कुत्र्याचा खार, चकाचक दिसत होता

ढोरांचा_डॉक्टर
दिसत होता, बरोबर. पण रोग हिरडीच्या खाली असतो आणि खरवडून दातावर ओरखडे पडतात, त्यात खार आणखी लवकर बसतो. शहरातही काही ठिकाणी भूल न देता 'क्लीनिंग' करतात, ते रंगरंगोटीच. नीट करायचं तर पूर्ण भूल, आधी रक्त तपासणी, मग मशीननं खालपर्यंत साफ आणि पॉलिश.

धामणगावची_सून
घासायचं कसं पण? आमचा टॉमी ब्रश पाहिला की खाटेखाली.

ढोरांचा_डॉक्टर
पहिले पाच-सहा दिवस ब्रश दाखवूच नका. बोटाला बिनमिठा-मसाल्याचा चिकनचा रस्सा लावा, ओठाखाली फिरवा, सोडून द्या. मग बोटावर ओलं सुती फडकं गुंडाळून. मग लहान मुलांचा मऊ ब्रश, तिरका धरून दात आणि हिरडी मिळते तिथं, छोटे गोल. बाहेरची बाजूच घासा, आतली जीभ सांभाळते. मागचे मोठे दात आणि सुळे झाले की पुरे, अर्धा मिनिट. मग लगेच जेवण द्या म्हणजे तो ब्रशची वाट पाहील. राख, मीठ, सोडा, कोळशाचं मंजन नको.

आबाजी_वरुडवाले
एक गोष्ट मनात येऊन राह्यली. मी जिंदगीत बैलजोडी जबडा उघडून पायल्याबिगर घेतली नाई. खालचे आठ दात, आदत म्हनजे दुधाचेच दात हाये का दोनदाती, चारदाती, सहादाती, का जुळला, हे पायल्यावरच सौद्याले रुमालाखाली हात. बेपारी दात घासून वय लपवते तेबी ओळखतो. अन् घरच्या कुत्र्याच्या तोंडात दात किती असतात इचारलं तर मले सांगता येनार नाई.

ढोरांचा_डॉक्टर
४२ आबाजी. पिल्लाला दुधाचे २८, चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, सात महिन्यांपर्यंत सगळे पक्के. यवतमाळी, तुमच्या पॉमेरियनसारख्या लहान जातीत दुधाचा सुळा पडतच नाही कधीकधी, पक्का त्याच्या बाजूनंच येतो, दोन सुळे चिकटून दिसतात. मधात केस-घाण अडकते. तुमचीला पाहा आज.

पुण्यातला_यवतमाळी
आहेत. वरती दोन्हीकडं दोन-दोन. मी चार वर्ष समजत होतो डबल दात म्हणजे लकी 🤦

वावरातला_भाऊ
मंडळी, बारा दिवसांनी येऊन राह्यलो, माफी. वेचणीचे बाया एक दिवस बंद ठेवल्या अन् नागपूरले नेलं मोत्याले, सेमिनरी हिल्सवरच्या व्हेटर्नरी कॉलेजात, डॉक्टरसाहेबांनी मेसेजमधे सांगितलं होतं तिकडं. अकोल्याकडच्या लोकांले तिथं बी पशुवैद्यकाची संस्था हाये म्हने, ज्याले जे जवळ. गाडीत मोत्या पयल्यांदा बसला, बुट्टीबोरीपर्यंत तीनदा ओकला.

एक्सरेत तिन्ही मुळांच्या टोकाशी काळं दिसलं. रूट कॅनाल होनार नाई म्हने, हाड खाल्लं गेलं. भूल दिली, दाताचे मशीननं तीन तुकडे केले अन् एक-एक मूळ वेगळं काढलं, अख्खा ओढला असता तर जबडा मोडला असता म्हने. ते तीन तुकडे मले कागदाच्या पुडीत दिले. एका मुळाचं टोक सडून कुरतडल्यासारखं होतं. बाबानं ते हातावर घेऊन उजेडात लय येळ पायलं, म्हने हे दुखनं घेऊन हा माह्यासंगं रोज वावरात येत होता.

आता गाठ गेली, फुटलेली जागा भरली. चौदा दिवस मऊ खायाले सांगितलं, ताकातल्या कण्या देतो. वास नाई. खर्च झाला, पन आधीच्या त्या इंजेक्शनांचा अन् येण्याजाण्याचा हिशेब केला तर तोबी काही कमी नव्हता, जाऊ द्या.

मनीची_मावशी
किती बरं वाटलं वाचून. मनीची तारीख पुढच्या सोमवारी आहे. तिला पिशवीत कसं न्यायचं तेच कळत नाहीये.

धामणगावची_सून
ताई उशीची खोळ घ्या, त्यात तिचा झोपायचा कपडा टाका, तोंड वरून सैल बांधा आणि मग खोळ झाकणाच्या टोपलीत. नुसत्या पिशवीत ठेवू नका, एसटीत सुटली तर संपलं.

वावरातला_भाऊ
एक राह्यलं. पोरगी रोज संध्याकाळी मोत्याच्या उजव्या बाजूचे दात घासते, डावीकडं टाके विरघळल्यावर चालू करू. पयला ब्रश त्यानं चावून गिळायले पायला, अर्धा तोंडातून ओढला. पांढरकवड्यात चिकनची पेस्ट भेटत नाई, दुकानदार हासला मले. नागपूरहून कोनी येनार असन तर सांगा.

अन् आबाजी, तुमचं वाचून दाखवलं बाबाले. काल शेजारच्याकडं पिल्लू आनलं, दीड-दोन महिन्याचं. बाबा तडक गेले, मांडीवर घेतलं, ओठ उचलून पायला अन् म्हने, आदत हाये.

आबाजी_वरुडवाले
मंग? सौदा कितीले झाला?